चौदावं प्रकरण

पनवेल,
६ जानेवारी २०२५

सौ. जनीवहिनीस,
भामाचा स. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. हस. पण फोनवर आपलं जमत नाही हे तूही कबूल कर. एक तर तू मधेच ठेवतेस, नाहीतर मी ठेवते. दोघींनी नाही ठेवला तर माझा भाऊ तो स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवतो आणि मी भावजयीला काय बोलले ते अख्ख्या गव्हाणला कळतं. काशीरामदादाला फोन आणि रेडिओ यातला फरक अजून समजलेला नाही. शेवटी तुझ्या किशोरीनेच सांगितलं, की आत्या, तुम्ही दोघी पत्रं लिहा, कागद मधेच कापता येत नाही. पोरगी शहाणी आहे, आपल्या घरात कुठून आली देव जाणे. चौथीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, अक्षर दोघींचं सारखंच वाईट, तेव्हा लाजायचं कारण नाही. तुमच्याकडची मासळीवाली रोज पनवेलच्या बाजारात येते, तिच्या पाटीत हे ठेवते. कागदाला जवळ्याचा वास आला तर तो माझा नाही.

किशोरी आमच्या आळीतल्या वाचनालयात कामाला लागली आणि पहिला बकरा मला केला. सभासद केलं आणि हातात कादंबरी दिली. आता सवय लागली. हे म्हणतात, तुळशीरामची बायको शिकली. मी म्हटलं, शिकले बिकले नाही, तुमची बडबड ऐकण्यापेक्षा बरं एवढंच. माझी वाचायची पद्धत सोपी आहे. पाऊस पडायला लागला, चांदणं पडलं, नाहीतर बाई खिडकीत उभी राहिली, की मी पानं उलटते. ती खिडकीतून हलली की परत वाचायला घेते. अजून तरी माझं काही चुकलेलं नाही.

एका पुस्तकात डॉक्टर पेशंटबाईच्या प्रेमात पडतो आणि पुस्तक संपेपर्यंत तिचा ताप काही उतरत नाही. मी किशोरीला म्हटलं, अगं दुसरा डॉक्टर नव्हता का गावात. त्याचाच पिक्चर टीव्हीवर लागला, तर त्यात तापच नाही, तिला आठवण राहत नाही म्हणे. तापात घाम येतो आणि मेकअप उतरतो, म्हणून बदललं असणार. दुसरं एक भुताचं होतं. पुस्तकात शेवटी कळतं की भूत म्हणजे चुलत दीर, त्याला जमीन पाहिजे होती. पिक्चरमध्ये भूत पहिल्यापासून खरंच भूत, जमिनीचं नावच नाही. जमीन काढून टाकली तर भुताला काम काय उरलं. आपल्या बाजूला जमिनीशिवाय कोणी कोणाच्या घरात शिरत नाही, भूतसुद्धा नाही.

आता संपवली ती 'निळ्या दाराचा बंगला'. नायिकेचं नाव मृण्मयी, त्यात जीभ दोनदा अडकते. औषधाच्या दुकानात नोकरी करते. बंगलेवाला श्रीरंग तिच्याशी लग्न ठरवतो. या श्रीरंगाला एक प्रश्न विचारला की तो दोन पानं गप्प बसतो. मला सारखं वाटत होतं, याला पोट साफ व्हायचं काहीतरी द्या. पण पुस्तक चांगलं आहे. शेवट सांगत नाही, तू त्याचा पिक्चर बघायला जाणार आहेस असं किशोरीने सांगितलं आणि मला दम दिलाय.

तिच्याबद्दल एक लिहायचं होतं. ती हल्ली बोलत नाही. डोकं दुखतं म्हणते. पुढच्या महिन्याच्या शेवटी लग्न आहे आणि पोरीचं डोकं दुखतंय, हे काही बरं नाही. साखरपुड्याला ओव्याच्या हिरूबाय विहीणबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, की लग्न झाल्यावर नोकरी बंद, आणि तुम्ही सगळे लाडू खात बसलात. मी बोलणार होते तर तू माझ्या पायावर पाय दिलास. बघ जरा तिच्याकडे.

दादाला सांग, शुगर तपासून घे. तुझ्यावर राग आहेच, पण तो माया धरूनच आहे हे समजून घे.

तुझी नणंद
भामा

गव्हाण,
१३ जानेवारी

सौ. भामास,
जनीवयनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

वय सारखं असलं तरी नात्यानं मी मोठी हाय, म्हणून आशीर्वादच घे. तुजं पत्र मिळालं. एका कोपऱ्याला कोलंबीचा डोळा चिकटला होता. तुज्या पुस्तकाचं वाचून मी दमले, मग डोळं भरून पिक्चर बघून आले. पंचायतीला उभं राहायचंय ते एक साहेब हायत, त्यांनी संक्रांतीच्या आधीच हळदीकुंकू म्हनून आमा बायकांची बस केली आनि मॉलमधी 'निळ्या दाराचा बंगला' दाखवला. मत देऊ का नाय ते नंतर बघू, पिक्चर फुकट होता.

भामा, तुजा श्रीरंग गप्प बसत असेल, आमचा गप्प बसत नाय. गातो. पावसात गातो, बोटीत गातो, त्याच्या बापाचं दिवस चालू असताना पण एकदा गातो. डोळं असं की आमच्या रांगेतल्या समद्या बायका सरळ होऊन बसल्या. ती मृण्मयी पन काय दिसते. औषधाच्या दुकानात उभी हाय आनि केस उडतायत. मी शेजारनीला इचारलं, हिच्या एकटीच्याच दुकानात वारा कसा. मधल्या सुट्टीत समोशाला ही लाईन होती, बायकांच्या मोरीला त्याच्यापेक्षा मोठी. परत आले तर सासू आनि सून गळ्यात गळे घालून नाचत होत्या, मंग माजं मन शांत झालं. शेवटी ती नवरी होऊन निळ्या दारातून आत येते, वरून अक्षता पडतात, आनि मी पदर ओला केला.

आता खरी बातमी. तू लिवलंस म्हनून रविवारी किशोरीच्या डोक्याला तेल लावायला बसले आनि इचारलं, की बाय, तुज्या मनात हाय तरी काय. मंग म्हनाली, आय, मी त्या मृण्मयीनं केलं तेच करनार हाय. एवढंच. उठून गेली. माज्या छातीवरचा धोंडा उतरला. लगेच ओव्याला फोन लावला. आपल्या व्हनाऱ्या जावयाची, केतनची बहीन हेतल फोनवर होती, तिनं तो पिक्चर दोनदा बघितलाय. ती एवढी खूश झाली की तिनं डेकोरेशनवाल्याला सांगून टाकलं, मांडवाला निळा दरवाजा पायजे, खरा, लाकडाचा, लायटिंगचा, आनि आमची वयनी त्याच्यातून येनार. तुज्या भावानं फोन स्पीकरवर टाकला होता, तवा गावात पन समद्यांना कळलं. आता पोरं रस्त्यात किशोरीला मृण्मयी म्हनतात.

तर तू काळजी करू नको. पुस्तकं कमी वाच, डोळं जातात.

आमची आठवन आली की ये, नाय आली तरी ये.

तुजी वयनी
जनी

पनवेल,
१४ जानेवारी

सौ. जनीवहिनीस,
भामाचा नमस्कार, वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवते, आधी हे वाच. बसून वाच. आणि दादाला ओटीवर वाचून दाखवू नकोस.

तू बघितलास तो शेवट पिक्चरवाल्याने घरचा घातलाय. पुस्तकात ती मृण्मयी लग्न करत नाही. हळदीच्या सकाळी सगळा बंगला कामात असतो, कोण हळद वाटतंय, कोण मांडव बांधतंय. ही केस बांधते, दुकानात न्यायची रोजची पिशवी खांद्याला लावते, ते निळं दार उघडते आणि निघून जाते. दार लावतसुद्धा नाही. सरळ औषधाच्या दुकानात जाते आणि एका म्हाताऱ्याला खोकल्याची बाटली काढून देते. संपलं पुस्तक. अक्षता नाहीत, सासू नाही, गाणं नाही.

आणि तुझी मुलगी वाचनालयात काम करते, जनी. पिक्चरच्या खिडकीवर नाही.

मी ते वाचलं तेव्हा शाब्बास पोरी असं मोठ्याने म्हणाले होते, ह्यांनी आतून विचारलं काय झालं. आज तुझं पत्र वाचलं आणि तीच शाब्बासकी मी परत घेतली. पुस्तकातली पोरगी निघून गेली की बरं वाटतं. आपली निघाली म्हटल्यावर पहिलं डोळ्यापुढे काय आलं सांगू? दादाचं तोंड. आणि मांडवात तो लायटिंगचा दरवाजा उघडा, आणि त्याच्यापुढे ओवेकर आणि गव्हाणकर समोरासमोर.

तू त्या लोकांना काय कळवून बसलीस ते तुला समजलं का? आमची मुलगी मृण्मयीसारखं करणार. आणि त्यांनी तिला बाहेर जायला दरवाजा बांधायला घेतला.

तिला खोदून विचार. कुठली मृण्मयी ते विचार. तिळगूळ खा आणि निदान एवढ्यापुरतं तरी माझं ऐक.

तुझी
भामा

गव्हाण,
१६ जानेवारी

सौ. भामास,
जनीचे आशीर्वाद, वि. वि.

तू दुसरंच पुस्तक वाचलंस. एका नावाची दोन असतात. एवढा खर्च करून पिक्चर काढला, त्या लोकांना शेवट ठाऊक नसेल आनि तुला चौथी पास बाईला ठाऊक असेल, हे कोनाला सांगतेस.

असं मी काल लिवलं होतं. मंग रात्री जेवताना तुजा भाऊ म्हनाला, मृण्मयी, भात वाढ, आनि किशोरी हसली नाय. तवा मला तुजं खरं वाटाया लागलं. तो कागद फाडला नाय, वरचं तसंच ठेवलंय, कारन राग पन खरा हाय.

इचारायला गेले आनि नुसता चहा देऊन परत आले. कुठली मृण्मयी असं कसं इचारू? पुस्तकातली म्हनाली तर मंग मी काय करू? पत्रिका छापायला द्यायच्यात, यांनी वाजंत्रीवाल्याला सुपारी दिली, लग्नाची गानी गायला धवलारनीला पन सांगून झालं. केतन पोरगा वाईट नाय, भामा. येतो तवा किशोरीची चप्पल उन्हात असली तर सावलीत सरकवतो, मी बघितलंय. तिला पन तो आवडतो, नायतर साखरपुड्याला हो म्हनाली नसती. मंग हे मधीच काय.

तू तोंडाची फाटकी हायस. तुला इचारता येईल. वाचनालयात जा आनि इचार. मी हात जोडते, असं पुन्हा लिवनार नाय.

जनी

वाचनालय, पनवेल,
२० जानेवारी

ती. सौ. आत्यास,
किशोरीचा सा. न. वि. वि.

तू सकाळी येऊन गेलीस त्याला दोन तास झाले, पण वाचन कक्षातले आजोबा अजून माझ्याकडे बघतायत. भिंतीवर शांतता राखा लिहिलंय, ते तुझ्यासाठी नाही असं तू त्यांना सांगितलंस. शिवाय हातातला पेपर कालचा आहे म्हणून त्यांना चिडवलंस, ते तर मुद्दाम कालचा मागून घेतात. तुझ्या प्रश्नाला तिथे उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आईलाही हेच दाखव, माझे दोन कागद वाचवा.

पुस्तकातली की पिक्चरमधली, असं तू विचारलंस. आत्या, मी पुस्तक वाचलंय आणि पिक्चरही बघितलाय. मी म्हणाले ते शेवटाबद्दल नव्हतंच. चौदाव्या प्रकरणाबद्दल होतं. ते दोन्हींत आहे. तुला ते माहीत नाही, कारण त्याची सुरुवात पावसाने होते आणि तू पानं उलटलीस. आईला माहीत नाही, कारण ती समोशाच्या लाईनीत होती.

चौदाव्यात मृण्मयी एकटी श्रीरंगच्या आईकडे जाते. सांगते, की मी दुकानातलं काम सोडणार नाही, हे चालत असेल तर मांडव घाला. बस. पिक्चरमध्ये ती आई हो म्हणते म्हणून नाच होतो. पुस्तकात नाही म्हणते म्हणून मृण्मयी जाते. शेवट मृण्मयीच्या हातात नाहीच, तो त्या आईच्या हातात आहे.

तर मी तेच केलं. काल ओव्याला गेले होते. केतनला आधी सांगितलं होतं. तो म्हणाला मला चालतंय, पण आईला तूच सांग. श्रीरंगही तेवढंच म्हणतो, फक्त त्याला दोन पानं लागतात. केतन दारापर्यंत माझ्याबरोबर आला आणि आत आल्यावर पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेला. त्याचं मी नंतर बघेन.

हिरूकाकींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. हेतलने मधेच त्यांना सांगितलं, की पिक्चरमध्ये सासू हो म्हणते. मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणाले, काकी, पुस्तकात नाही म्हणते. तेव्हा त्यांनी विचारलं, की खरं कुठलं. मी म्हणाले, आधी पुस्तक आलं. त्यावर त्या म्हणाल्या, की मग मला ते पुस्तक ऐकायचंय, पहिल्यापासून, ती बाई नाही का म्हणाली ते कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

काकींना वाचता येत नाही. हेतल इंग्रजी शाळेची, तिला एक ओळ मराठी वाचायला घाम फुटतो. लग्नाआधी मी रोज तिथे जाऊन बसणं बरं दिसणार नाही. म्हणून तू जा. पुस्तक सोबत पाठवतेय.

त्या नाही म्हणाल्या तर मी हे लग्न करणार नाही. ते मी बाबांना समोर बसून सांगेन, कुठल्या दारातून पळणार नाही. हो म्हणाल्या तर मला केतनशीच लग्न करायचंय. एवढंच आहे. एक पानही उलटू नकोस.

डोकं खरंच दुखत होतं, आता कमी आहे. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,

किशोरी

पनवेल,
१२ फेब्रुवारी

सौ. जनीवहिनीस,
भामाचा नमस्कार, वि. वि.

रोज मासळीवालीबरोबर काय झालं काय झालं असा निरोप पाठवत होतीस. ती बाई आता आमच्या दारात येऊन पापलेटाच्या आधी किशोरीची चौकशी करते. म्हणून आज सगळं एकदम लिहिते. शेवट आधी सांगणार नाही. तू माझं पत्र पहिल्यापासून वाच, जसं मला वाचायला लागलं.

तुझ्या विहिणीच्या घरी मी तीन आठवडे दुपारी जात होते. घर तीन मजली, फरशी अशी की पाय घसरतो, आणि ही बाई बसते मागच्या पडवीत पाट टाकून, पुढ्यात वालाच्या शेंगा. ती सोलते आणि मी वाचते. पहिल्याच दिवशी पुस्तकात चांदणं पडलं आणि मी सवयीने दोन पानं उलटली. हिने शेंगेवरून मान वर केली आणि विचारलं, की बाय, आता तर ती विहिरीवर होती, घरात कधी आली. अक्षर येत नाही, पण पान वाजलेलं कळतं. मागे जायला लागलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा चांदणं वाचलं. वाईट नव्हतं, लांब होतं.

तिला सगळंच पाहिजे. बंगल्याला खिडक्या किती, त्या मृण्मयीने जेवायला काय केलं, लेखकबाईने लिहिलं नसेल तर का नाही लिहिलं. श्रीरंग गप्प बसला की ही मला सांगायची, की थांब, त्याला बोलू दे, आणि आम्ही दोघी त्याची वाट बघत बसायचो. एकदा पुस्तकात तो गच्चीवर जाऊन तारे बघत उभा राहिला, तर हिने वर हाक मारली, की केतन, खाली ये आणि हे ऐक. पोरगा येऊन बसला. त्या दिवसापासून तोही ऐकायला असायचा. शेंगा सोलायला लावल्या त्याला. बरा सोलतो.

काल चौदावं आलं. पाऊस मी पूर्ण वाचला, थेंबाथेंबाने, कारण मला पुढे जायचंच नव्हतं. जनी, आता खरं लिहिते. मृण्मयीने सासूला विचारलं आणि पान संपलं. पुढच्या पानावर त्या सासूचं उत्तर. ते मी आधी डोळ्यांनी वाचलं. लिहिलं होतं, की आमच्या घरातल्या बायका दुसऱ्याची चाकरी करत नाहीत. साखरपुड्याला हिरूबाय हेच बोलली होती, तू लाडू खात होतीस, मी ऐकलंय. शब्द जवळपास तेच.

माझ्या मनात आलं, हिला कुठे वाचता येतंय. हेतल फोनमध्ये, केतन शेंगांत. पिक्चरमधलं उत्तर सांगून टाकावं, सासू हो म्हणाली आणि गळ्यात पडली, म्हणजे ही पण हो म्हणेल, किशोरीचं लग्न होईल, दादाची अब्रू राहील. कोणाला कळणार होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं मी. पण त्या पिक्चरवाल्याला महिनाभर शिव्या घातल्या त्या कशाला मग. आणि किशोरी या घरात राहायला येणार ती काय एका दुपारपुरती. खोट्यावर मिळालेला हो हिने उद्या परत घेतला तर मी काय वाचून दाखवणार. छापलं होतं ते वाचलं. आवाज बारीक आला, ती म्हणाली मोठ्याने वाच. मोठ्याने वाचलं. तिने परत वाचायला सांगितलं. परत वाचलं.

शेंग तिने खाली ठेवली. नंतर विचारलं, मग पोरीने काय केलं. मी पुढची सगळी प्रकरणं एका बैठकीत वाचली, संध्याकाळ झाली, हेतलने येऊन दिवा लावला. ते दार उघडं राहतं तिथे पुस्तक संपतं. तिने विचारलं, मग सासू तिला आणायला गेली असेल. मी म्हटलं नाही. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मागची पानं बोटांनी चाचपली. तिथे दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती होत्या. याच्यात पण नाही का, असं विचारलं. मी म्हटलं याच्यात पण नाही.

मग ती बोलली. माझं वाचन झालं त्याच्या दुप्पट बोलली. म्हणाली, की माझ्या माहेरी मिठागर होतं, आमचं नव्हे, शेठचं. लहानपणापासून डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहिल्या, पायाला चिरा पडायच्या आणि त्यात मीठ जायचं. मुकादम नावाने हाक मारत नसे, ए म्हणायचा. लग्न होऊन ओव्याला आले तेव्हा ठरवलं, की माझ्या सुनेला कोणी ए म्हणता कामा नये. नोकरी नको म्हणाले ती किशोरीला कोंडायला नव्हे. त्या बंगलेवालीला मिठागर ठाऊक नव्हतं, तिने उगीच नाही म्हटलं, मी तशी नाही. एवढं बोलून तिने मला विचारलं, की तिथे पोरीला काय म्हणतात लोक. मी सांगितलं, की पेन्शनीत निघालेले मोठे मोठे साहेब तिला किशोरीताई म्हणतात आणि पुस्तक उशिरा आणलं तर तिच्यापुढे उभे राहून कारणं सांगतात. ती किती वेळ हसत होती. बसून असते का, असं विचारलं. म्हटलं, पंख्याखाली.

तेव्हा, मग जाऊ दे तिला, असं म्हणून ती केतनकडे वळली. म्हणाली, की तुला हे सगळं ठाऊक होतं आणि तू टाकी बघायला गच्चीवर गेलास. पोरगा लाल झाला. पण श्रीरंगासारखा दोन पानं बसला नाही. म्हणाला, चुकलं, रोज सकाळी वाचनालयापर्यंत मी सोडेन. मी मनात म्हटलं, चला, पुस्तकाचा काहीतरी उपयोग झाला.

तर हो आहे, जनी. रड आता. आणि पत्रिका छापायला दे. दादाला सगळं सांग, पण फोन बंद करून सांग. किशोरीला मी वाचनालयात जाऊन सांगितलं, या वेळी हळू आवाजात. तिने तोंडावर पदर घेतला आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिली. आजोबांनी मला विचारलं काय झालं, तर मी त्यांना म्हटलं शांतता राखा.

आता माझं गाऱ्हाणं. निघताना तुझ्या विहिणीने माझा हात धरला आणि म्हणाली, की पोरगी तुमची माझ्या घरी येईल तशा तुम्ही पण दर गुरुवारी यायचं. नुसतं शेंगा सोलणं आता जमत नाही म्हणे. मी काय बोलणार, आत्ताच हो मिळवला होता. किशोरीने दाखवायला म्हणून माझ्याबरोबर पाठवलेल्या पुस्तकांतून तिने हाताने वजन करून एक निवडलं. तीन भाग आहेत. पहिल्या भागात एक नदी आहे, मी चाळून बघितलं, ती सत्तर पानं चालते. याच्यावर कोणी पिक्चर काढलाय का म्हणून मी किशोरीला विचारलं. नाही काढला.

हळदीला तुझ्या आधी येऊन बसेन, तुझी जागा धरून ठेवते. या नणंदेला तोडून बोलायची तुला मुभा आहे, तोडून टाकायची नाही.

तुझी
भामा